अण्णांवर ओरडले, मनगटावर वळ उठले. मी अशी नव्हते

मोजणीदाराची लेक

हे घरात कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथे लिहितेय. लांबेल, पण वाचा.

अण्णा ७९ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. त्याआधी दोन वर्षं तरी आम्ही "वय झालं, विसरायचंच" म्हणत काढली. निदान झालं त्याच वर्षी आई गेली आणि अण्णा माझ्याकडे आले. मी ४८ वर्षांची, घरूनच हिशेबाची कामं करते. नवरा सकाळी आठला बाहेर पडतो तो रात्री आठला येतो. मुलगी शिकायला बाहेरगावी. मोठा भाऊ दुसऱ्या शहरात असतो, दर रविवारी न चुकता फोन करतो. म्हणजे अण्णांचं सगळं मीच करते. अंघोळ, दाढी, औषधं, भरवणं, गेले आठ महिने डायपरसुद्धा.

करण्याचं मला काही वाटत नाही, खरंच नाही. अंगमेहनतीचा शीण झोपलं की उतरतो. पण मला झोपच मिळत नाही, आणि जागेपणी जे होतं ते मला सहन होत नाहीये.

अण्णांची सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. आता ते रात्री दीड-दोनला उठतात आणि खोली मोजतात. भिंतीला टाच लावून उभे राहतात, एकेक पाऊल मोजत समोरच्या भिंतीपर्यंत जातात, मग दारापासून खिडकीपर्यंत. आकडा मोठ्याने म्हणतात आणि मला सांगतात, "लिहून घे." न लिहिताच "हो, लिहिलं" म्हटलं तर त्यांना बरोब्बर कळतं. म्हणून मुलीची एक जुनी वही उशाशी ठेवलीये. त्यात लिहिते. सात. अकरा. साडेचार. पण लिहिलेलंही पटत नाही. वही ओढून घेतात, पानावर बोट आपटतात आणि म्हणतात, "उलटं! सगळं उलटं लिहितेस!" की पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी पहाटेचे चार वाजतात. मग ते नऊपर्यंत झोपतात, आणि मला साडेसहाला उठावंच लागतं.

गेल्या मंगळवारी सलग पाचवी रात्र होती. तिसऱ्यांदा "उलटं" म्हणाले आणि वही माझ्या तोंडावर फेकली. लागलं काहीच नाही. पण माझा ताबा सुटला. त्यांचं मनगट धरून मी त्यांना ओढत पलंगापाशी नेलं, बसवलं आणि ओरडले, "मरत का नाही तुम्ही एकदाचे! मला झोपू द्या!" अण्णांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले. मार चुकवायला घेतात तसे. मी मारलं नव्हतं हो. पण मी मारणार असं त्यांना वाटलं.

सकाळी दाढी करताना मनगटावर माझी बोटं उमटलेली दिसली. निळी. चार एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. त्यांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, त्यामुळे जरा दाबलं तरी उमटतं, हे मी स्वतःला दहा वेळा सांगितलं. माझे डोळे रडून सुजले होते. अण्णांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि साबणाच्या फेसातून विचारलं, "कोण बोललं गं तुला?"

त्यांना रात्रीचं काही आठवत नव्हतं. त्या क्षणी मला वाटलं, वस्तरा खाली ठेवावा आणि चालत सुटावं.

दादाला सांगायची सोय नाही. रविवारी फोनवर अण्णा दहा मिनिटं अगदी व्यवस्थित बोलतात. "हो, बरंय. तू कसा आहेस? काम काय म्हणतंय?" दादा मला म्हणतो, "छान तर बोलले गं, तू फार टेन्शन घेतेस." फोन ठेवला की अण्णा विचारतात, "कोण होता तो?" मैत्रिणी म्हणतात, स्वतःसाठी वेळ काढ, रोज अर्धा तास चालायला जा. कोणाच्या भरवशावर जाऊ, हे कोणी सांगत नाही. डॉक्टर अण्णांना तपासतात आणि निघताना मला म्हणतात, तुम्हीही तब्येत सांभाळा.

तर मला हे विचारायचंय. आपल्या जन्मदात्याने आता सुटावं, असं तुमच्यापैकी कुणाला वाटलंय का? आणि ते मनात आल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला तुम्ही भरवलंत कसं? दुसरं, अण्णा समोर बसलेले असतात आणि मला अण्णांची आठवण येते. रडू येतं. याला काय म्हणायचं? आणि तिसरं अगदी साधं. पहिल्यांदा त्यांना दुसऱ्या कुणावर सोपवून घराबाहेर पडलात ते कसं जमवलंत?


रात्रपाळी

वाचलं. आत्ता पावणेतीन वाजलेत, आईच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलोय. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो. मलाही वाटलंय. एकदाच असंही नाही. आजवर कुणाला बोललो नव्हतो.


निवृत्त मास्तर

ताई, माझी पत्नी ६१ वर्षांची असताना तिचं निदान झालं. सात वर्षं मी तिचं केलं. ती जाऊन दोन वर्षं झाली. म्हणून थोडं निवांतपणे लिहू शकतो. तेव्हा मला हे एक वाक्यही लिहिता आलं नसतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. शेवटची अडीच वर्षं ती रोज संध्याकाळी मला विचारायची, "आमचे हे कधी येतील हो?" सुरुवातीला मी सांगायचो, अगं, मीच. ती घाबरायची. परका माणूस नवरा असल्याचं सांगतो म्हटल्यावर कुठलीही बाई घाबरेल. मग मी म्हणायला शिकलो, "येतीलच इतक्यात, तोवर मी बसतो इथे." ती निर्धास्त व्हायची. मी तिच्या शेजारी बसून तिच्याबरोबर माझीच वाट बघायचो. त्या वेळी जे होत होतं त्याला शोक म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माणूस गेलं की लोक भेटायला येतात, चार शब्द बोलतात, रडू देतात. इथे माणूस घरातच असतं, मग रडायचं कुणापाशी?

पुढे एका समुपदेशक बाईंनी सांगितलं की याला नाव आहे. पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकी अभ्यासिका आहेत. १९७० च्या दशकात त्यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांचा अभ्यास केला. माणूस मेल्याची खात्री नाही आणि परत येण्याचीही नाही, अशी ती घरं. त्यांनी याला संदिग्ध वियोग अशा अर्थाचं नाव दिलं, आणि पुढे स्मृतिभ्रंशाच्या घरांत तेच उलट्या बाजूने दिसतं असं मांडलं : देह समोर आहे, माणूस निघून चाललंय. नाव कळल्याने दुःख कमी झालं नाही. पण आपलं डोकं फिरलेलं नाही एवढं कळलं, आणि त्या रात्री मी मोकळेपणाने रडलो.

आता पहिला प्रश्न. मी तिला एकदा खोलीत कोंडून बाहेर जिन्यात जाऊन बसलो होतो. वीस मिनिटं. ती आतून दार वाजवत होती आणि मी कानांवर हात ठेवून बसलो होतो. हे माझ्या मुलांना आजही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिला कसं भरवलं विचारता, तर हात आपोआप चालतात ताई. भरवणं मनाच्या परवानगीसाठी थांबत नाही. त्यानंतर मी एक गोष्ट ठरवून टाकली. राग चढायच्या आधी माझे कान तापायचे. कान तापले की तिला बसवायचं, हाताशी काही लागण्यासारखं नाही आणि बाहेरच्या दाराला कडी आहे एवढं बघायचं, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन शंभरपर्यंत मोजायचं. ती ओरडली तरी. शंभर अंकांत तिचं काही बिघडत नसे. मी तिथेच थांबलो असतो तर बिघडलं असतं. तुमची खूण वेगळी असेल, ती शोधून ठेवा.

बाहेर पडण्याचं म्हणाल तर मी पहिले तीन दिवस बाहेर पडलोच नाही. मदतीला बाई ठेवली आणि मी शेजारच्या खोलीत बसून राहिलो, म्हणजे पत्नीला तिचा आवाज आणि तिला पत्नीच्या सवयी कळाव्यात. चौथ्या दिवशी जिन्यापर्यंत. पाचव्या दिवशी एका मित्राच्या घरी गेलो आणि त्याला म्हणालो, मला बोलायचं नाही, मला झोपायचंय. दोन तास झोपलो. लोक फिरायला जा, मन रमवा म्हणतात. मला मन रमवायचं नव्हतं, मला झोप हवी होती. तुम्हालाही तीच हवी आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

अपराधी वाटणं काही गेलं नाही. ते घेऊनच बाहेर पडायचो.


साखळी-कंपास

बाकी विषयात बोलण्याइतका माझा अनुभव नाही, पण वहीबद्दल सांगतो. मी ३१ वर्षं मोजणीत काढली. साखळीने जमीन मोजताना फील्डबुक, म्हणजे मोजणीची वही, खालून वर लिहितात. पानाच्या मधोमध उभ्या दोन रेघा, त्यांच्या आत साखळीवरचं अंतर, आणि डावीकडचं-उजवीकडचं जे काही लागेल ते त्या त्या बाजूला. पहिला आकडा पानाच्या तळाशी. कारण मोजणारा पुढे चालत असतो. वही हातात समोर धरली की पुढची जमीन पानाच्या वरच्या अंगाला येते. तुम्ही वरून खाली लिहीत असणार.

अण्णा बरोबर सांगत होते.


दिवसपाळी

मी एका मेमरी क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे, १४ वर्षं. तुमच्यासारखी बाई आठवड्यातून दोनदा तरी माझ्यासमोर बसते, आणि पहिली पंधरा मिनिटं फक्त पेशंटबद्दल बोलते.

आधी मंगळवारच्या रात्रीबद्दल. जे झालं ते तुमच्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, मनगटासकट. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असताना वळ उठणं त्यांना कळायलाच हवं. आणि घरात ही वेळ आली आहे हेही कळायला हवं, कारण त्यावरून ते उपचार बदलतात. पाच रात्री सलग जागरण नवीन असेल तर नुसतं "आजार वाढला" म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, कुठेतरी दुखणं, दिवसा झालेली जास्त झोप, यांतलं काहीही असू शकतं, आणि अण्णांना ते शब्दांत सांगता येणार नाही. स्मृतिभ्रंशासाठी ते डोनेपेझिल घेत असतील आणि तेही रात्री, तर वेळेबद्दल जरूर विचारा. या गोळीने काहींची झोप चाळवते, विचित्र स्वप्नं पडतात, आणि मग डॉक्टर ती सकाळी द्यायला सांगतात. स्वतःहून बदलू मात्र नका.

आता तुमच्याबद्दल, कारण ते तुम्ही विचारलंच नाहीत. "त्यांनी सुटावं" हे वाटणं आमच्याकडे इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलंय की ते ऐकून मी दचकत नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ "हे थांबावं" एवढाच असतो. पण "वस्तरा खाली ठेवावा आणि चालत सुटावं" या वाक्यापाशी मी थांबले. स्वतःला संपवावं, किंवा अण्णांना काहीतरी करून टाकावं, असा विचार येऊन तो मनात घोळायला लागला, कसं करायचं हेही डोक्यात यायला लागलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी घरी बोलवा आणि तातडीची मदत घ्या. पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही.

काळजी घेणाऱ्यांवरचा भार मोजायची एक प्रश्नावली आहे. स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये तयार केली, आज ती २२ प्रश्नांची वापरतात. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, म्हणजे जास्तीत जास्त ८८. अण्णांची स्मृतिचाचणी जशी होते तशी तुमची ही चाचणी करून मागा. आकडा कागदावर आला की डॉक्टरही नुसतं "तब्येत सांभाळा" म्हणून सोडत नाहीत. हा भार मनातल्या मनात राहत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी घरच्या स्मृतिभ्रंशाच्या माणसाचं करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एवढीशी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. तशाच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. मी हे घाबरवायला सांगत नाही. तुमचं दुखणं शरीरात उतरतं, म्हणून ते दुखणं म्हणूनच तपासलं जायला हवं.

आणि उपयोग होतो. मेरी मिटलमन यांच्या गटाने न्यूयॉर्कमध्ये अल्झायमर झालेल्यांचं करणाऱ्या ४०६ जोडीदारांबरोबर काम केलं. अर्ध्यांना समुपदेशनाच्या सहा बैठका, त्यांतल्या चार घरच्यांना सोबत घेऊन, शिवाय अशाच काळजी घेणाऱ्यांच्या गटाचा आधार आणि गरज पडेल तेव्हा फोन. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत अशा घरांत रुग्णाला शुश्रूषागृहात हलवण्याची वेळ सुमारे ५५७ दिवसांनी पुढे गेली. औषध रुग्णाला वाढवलं नव्हतं, आधार करणाऱ्याला दिला होता. यातल्या त्या घरच्या बैठका मला सगळ्यात मोलाच्या वाटतात. तुमच्या दादाला एका बैठकीला बोलवा, फोनवर का होईना, आणि परिस्थिती समुपदेशकाला सांगू द्या. बहिणीने सांगितलं की तक्रार वाटते, तिसऱ्याने सांगितलं की माहिती वाटते. चुकीचं आहे हे, पण असंच होतं.

फोनवर अण्णा नीट बोलतात त्याबद्दलही सांगते. ते दादाला फसवत नाहीत आणि तुम्हाला खोटं पाडत नाहीत. "बरंय, तू कसा आहेस" हे संवाद आयुष्यभर घोटलेले असतात, ते उशिरापर्यंत टिकतात. पाहुणा आला, डॉक्टर समोर आले की हा आजार झालेली माणसं सगळी शक्ती लावून दहा-पंधरा मिनिटं सावरतात आणि नंतर गळून जातात. दादाला ती दहा मिनिटं मिळतात. उरलेला दिवस तुमच्याकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आकड्यांनुसार घरचे लोक अशा माणसासाठी दिवसाला सरासरी पाच तास देतात, आणि त्यातले ७० टक्के तास स्त्रियांचे असतात. तुमचे पाचापेक्षा बरेच जास्त दिसतात.

आता थोडं टोचेल असं. आठवण पुसली तरी भावना काही काळ मागे राहते. २०१४ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर असलेल्या लोकांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते त्यांना फारसं सांगता आलं नाही, पण दुःख किंवा आनंद मात्र रेंगाळला. म्हणजे बुधवारी अण्णांच्या मनात कारण न कळणारी भीती असू शकते. आणि त्याच न्यायाने, तुम्ही जे रोज हळुवारपणे करता, ज्यातलं त्यांना काहीच आठवत नाही, तेही वाया जात नाही. ज्याला तुमचं नाव उद्या आठवेल की नाही सांगता येत नाही, त्या माणसाने तुमचे सुजलेले डोळे ओळखले.


लांबची बहीण

मी या गोष्टीतला दादा आहे. म्हणजे आमच्या घरी आईचं भाऊ करायचा आणि रविवारी फोन मी करायचे. आई माझ्याशी छान बोलायची. मीही भावाला म्हटलंय, "तू फार मनाला लावून घेतोस." हे वाचून अंगावर काटा आला.

त्याने माझ्याशी भांडण केलं नाही. केलं असतं तर मी उलट भांडले असते. त्याने दोन तारखा कळवल्या आणि लिहिलं, या नऊ दिवसांत मी घरी नाही, तू ये. कारण दिलं नाही. मी चिडूनच गेले. दुसऱ्या रात्री आई मला चोर समजली. माझ्या अंगावर काठी घेऊन आली आणि मी संडासात लपून भावाला फोन केला. तो म्हणाला, "दिवा लाव, बाहेर ये, आणि तिला विचार काय काय चोरीला गेलंय. यादी करायला बस तिच्याबरोबर." आम्ही पहाटेपर्यंत यादी केली. तिसऱ्या दिवसापासून मी त्याला एकदाही सल्ला दिला नाही.

म्हणून सांगते, दादाला "मदत कर" म्हणू नका. तो "हो, सांग ना काय करू" म्हणेल आणि गोष्ट तिथेच संपेल. तारखा द्या. आणि एरवीही लांबून करण्यासारखं पुष्कळ असतं, ते नावानिशी त्याच्यावर टाका. औषधं मागवणं, बिलं भरणं, विम्याचे कागद, डॉक्टरांची वेळ घेणं, आणि रात्रीच्या मदतनिसाचे पैसे. हे सगळं मी पुढची तीन वर्षं केलं आणि मला ते आधीच का दिलं नाही म्हणून भावावर रागावलेही. तो म्हणाला, "तुला समजावत बसण्यापेक्षा मीच करणं सोपं होतं." तुमचंही असंच झालं असेल.

एक मात्र, तो आल्यावर तुम्ही घरात थांबू नका. माझ्या भावाने निघण्याआधी पहिला दिवस थांबून माझं प्रत्येक काम दुरुस्त केलं. पाणी जास्त गरम, टॉवेल असा नाही धरायचा. माझं चुकतच होतं. पण तो समोर असेपर्यंत आईही माझ्याकडून काही करून घेईना.


निवृत्त मास्तर

दिवसपाळी यांनी सगळं नेमकं लिहिलं आहे, गटाबद्दल फक्त थोडी भर घालतो. मी पहिल्यांदा अशा गटात गेलो तेव्हा शेजारी बसलेल्या गृहस्थांनी त्यांच्या पत्नीला गिळता येत नाही त्याबद्दल सांगितलं. माझी पत्नी तेव्हा स्वतःच्या हाताने जेवत होती. पुढे काय वाढून ठेवलंय हे एकदम समोर आलं आणि मी चार महिने तिकडे फिरकलो नाही. ताई, तुमचंही पहिल्या खेपेला असं झालं तर गट वाईट आहे असं समजू नका. नंतर त्याच गृहस्थांनी मला रात्री अकरा वाजता फोनवर, कुशीवर कसं वळवायचं ते सांगितलं. तोवर मला ते ऐकायची ताकद आली होती.


मोजणीदाराची लेक

बारा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांची उत्तरं मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली.

साखळी-कंपास, तुमचे आभार कसे मानू? त्याच रात्री मी वहीत मधोमध दोन रेघा मारल्या आणि तळापासून लिहायला घेतलं. सात. त्याच्या वर अकरा. अण्णा चालायचे थांबले, माझ्यामागे येऊन उभे राहिले, वाकून पान बघितलं. काही बोलले नाहीत. पुन्हा भिंतीला टाच लावली. खिडकीपर्यंतचं झालं तेव्हा वही घेतली, खाली कोपऱ्यात सही केली आणि म्हणाले, "उद्या पुढची लाइन घेऊ." तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. झोपले. मी तशीच बसून राहिले. सहीत त्यांच्या नावाचं शेवटचं अक्षर नव्हतं.

रोज असं होत नाही. तिसऱ्या रात्री काहीच पटलं नाही, साडेचार वाजले. माझी खूण दातांची आहे, मास्तर. दात आवळले जातात. मी शंभरपर्यंत मोजलं, बाथरूममध्ये उभं राहून, आणि परत आले तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसले होते.

डॉक्टरांना मनगट दाखवलं. सांगताना माझा आवाज जात होता. त्यांनी रक्ताची तपासणी करून घेतली, लघवीची पण. संसर्ग नाही. गोळी रात्रीची होती ती सकाळी केली, आता चार दिवस झालेत, लगेच काही बोलता येत नाही. मग त्यांनी अण्णांना बाहेर बसवलं आणि पहिल्यांदा मला विचारलं की तुम्ही किती झोपता. २२ प्रश्नांचा तो कागद भरला. ५८ आले. त्यांनी मला समुपदेशकाकडे पाठवलं, एक बैठक झाली, पुढची सोमवारी. त्या पहिल्या बैठकीत मी पंधरा नाही, वीस मिनिटं अण्णांबद्दलच बोलले, दिवसपाळी.

आणि दादा. मी त्याला तारखा कळवल्या, १४ ते २१. तो म्हणाला, अगं पण ऑफिस. मग मी त्याला मंगळवारचं सांगितलं. मी काय बोलले, कसं धरलं, सगळं. तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं आता शिव्या देईल. त्याने विचारलं, "रात्री किती वाजता उठतात?" चार वर्षांत त्याने मला विचारलेला हा पहिला असा प्रश्न, ज्याचं उत्तर आकड्यात द्यायचं होतं. १३ तारखेला रात्री येतोय. मी मैत्रिणीकडे जाणार आहे, तिला सांगून ठेवलंय की पहिले दोन दिवस मला उठवू नकोस.

मनगटावरचं निळं आता पिवळं पडलंय. मला ते रोज दिसतं, आणि दिसावं असंच वाटतं.

दादासाठी एक कागद लिहायला घेतलाय. औषधांच्या वेळा, दाढीचं पाणी किती कोमट, बाहेरच्या दाराची वरची कडी, घाबरले तर कुठे बसवायचं. सगळ्यात वर लिहिलंय : वही उशाशी आहे, तळापासून वर लिही.